अकरा फॉर्म

२९ सप्टेंबर, सोमवार

आज मुख्याध्यापकांनी बोलावून संस्थेचं पत्र हातात दिलं. यापुढं क्रॉसकंट्रीत पळणाऱ्या प्रत्येक मुलाचा आरोग्याचा फॉर्म भरायचा, डॉक्टरांची सही घ्यायची आणि सरावाची रोजची नोंद ठेवायची. गेल्या वर्षी कुठल्याशा जिल्ह्यात एक मुलगा पळता पळता पडला तो उठलाच नाही, म्हणून हे सगळं.

"गोताड सर, कागद चोख ठेवा. उद्या कोणी विचारलं तर आपल्याकडं कागद पाहिजे," मुख्याध्यापक म्हणाले.

शाळेची नोंदवही वेगळी ठेवलीय. ही वही माझी. तिकडं लिहिता न येणारं इथं लिहीन. पहिलं हेच, की मला हा सगळा खटाटोप वाटतो. अठरा वर्षं मुलं पळवतोय. आमची पोरं शाळेत येतात तीच दोन-दोन डोंगर उतरून. त्यांना कसले फॉर्म?

यंदाचा संघ अकरा जणांचा. सहा मुलगे, पाच मुली. स्पर्धा १६ नोव्हेंबरला, रत्नागिरीजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर. मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. समर्थ घडशी दहावीत आहे, त्याचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. गेल्या वर्षी जिल्ह्यात चौथा आला होता. यंदा पहिल्या दोघांत येईल आणि राज्याला जाईल. असा मुलगा माझ्या हाताखाली पुन्हा येईल असं वाटत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी साडेसहाला सराव. शाळेच्या फाटकापासून चढाच्या रस्त्यानं वर सड्यावर, कातळावरून एक वळसा आणि परत. पावसानं उघडीप दिलीय, पण दमट इतकं की उभ्या उभ्या घाम.

पत्रासोबत एक पुस्तिका आलीय. धावताना पाणी द्या, म्हणते. मी आजवर कोणाला प्यायला दिलं नाही. पोटात दुखतं, असं मला माझ्या सरांनी सांगितलं होतं, मी मुलांना सांगत आलो. पुस्तिका म्हणते तसं काही नाही, थोडं थोडं द्यावं. आज दिलं. कोणाच्याही पोटात दुखलं नाही. म्हणजे अठरा वर्षं मी मुलांना उगाच तहानलेलं ठेवलं. हे नोंदवहीत लिहिलं नाही.

समर्थ घड्याळासारखा पळतो. मुलींत सानवी धुमक बरी. नववीत आहे, वरच्या वाडीतली, काटक. मात्र हिला एक वाईट खोड आहे. खिशात कच्चे तांदूळ ठेवते आणि सारखी चघळते. आज ओरडलो. "घरी जेवायला देत नाहीत काय गं?" बाकीच्या हसल्या. ती पण हसली आणि मूठ खिशात घातली.

४ ऑक्टोबर, शनिवार

फॉर्म भरले. अकरा जणांना व्हरांड्यात ओळीनं बसवून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला. पळताना छातीत दुखतं का? कधी चक्कर येऊन पडलात का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का?

या प्रश्नाला समर्थनं हात वर केला. "सर, माझा काका. मुंबईला व्हता. बत्तीस वर्षांचा. कामावरून आला, बसला आणि गेला."

"काय झालं होतं?"

"अ‍ॅटॅक म्हणाले. पोस्टमॉर्टेम केला नाय."

लिहून घेतलं. उगाच विचारलं असं वाटलं.

मुलींच्या फॉर्ममध्ये खाली चार प्रश्न जास्तीचे आहेत, पाळीबद्दलचे. नियमित येते का, किती दिवस, त्रास होतो का वगैरे. मुलांसमोर ते कसे वाचणार? आणि मुलं नसती तरी मी कसे वाचणार? शाळेतल्या संस्कृती मॅडमना सांगायचं ठरवलं, पण त्या प्रशिक्षणाला गेल्यात, बुधवारी येतील. फॉर्म तर मंगळवारीच आरोग्य केंद्रात द्यायचे आहेत. पाचही मुलींच्या चारही प्रश्नांपुढं "त्रास नाही" असं लिहून टाकलं. सगळ्या धडधाकट आहेत. कागद पुरे झाले.

८ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर शरीफा साखरकर आल्या होत्या. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जूनपासून आहेत, मूळच्या हर्णेच्या. बोलतात कमी. मला वाटलं होतं तासाभरात अकरा सह्या होतील. त्यांनी तीन तास घेतले.

समर्थच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तो काढेचनात. त्याला उभं केलं, उकिडवं बसवलं, परत उभं केलं, परत ऐकलं. मग त्याला बाहेर पाठवून मला म्हणाल्या, "ठोक्यासोबत एक जास्तीचा आवाज येतोय. पुष्कळ मुलांना असतो, त्यानं काही बिघडत नाही. पण याचा काका बत्तिसाव्या वर्षी गेलाय. हृदयाचा इको केल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि तोवर त्यानं पळायचं नाही."

"मॅडम, तो जिल्ह्यात चौथा आहे."

"म्हणून काय झालं? हृदयाला ते माहीत नसतं."

राग आला होता. अजून आहे.

बाकी दहांना त्यांनी तपासलं. सानवीची नाडी जास्त लागली. मी म्हटलं, उशीर झाला म्हणून पळत आलीय. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "मुलींचं रक्त तपासू या. सोमवारी आमचा लॅबवाला असतो, पाचही जणींना पाठवा. ते बघून मग मुलींच्या फॉर्मवर सह्या करते."

समर्थला सांगायचं काम माझ्याकडं आलं. त्यानं ऐकून घेतलं. "मग मी काय करू?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, तू वेळ घे सगळ्यांची. स्टॉपवॉच त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

समर्थचे वडील अनिल घडशी मुंबईला एका कंपनीत सिक्युरिटीत आहेत. त्यांचा फोन.

"सर, माझा पोरगा रोगी हाय, असा कोणी सांगितला तुमाला?"

"रोगी नाही म्हणत कोणी. एक तपासणी फक्त."

"त्याच्या नावावर एकदा कागद लागला ना, मग भरतीला घेतील काय त्याला? पोलीस व्हायचा हाय त्याला."

मी म्हटलं, कोल्हापूरला नेऊ, चार दिवसांत होईल. ते नको म्हणाले. "धडधाकट पोराला हार्टच्या दवाखान्यात नेऊन बसवू? लोक काय बोलतील?" फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटत होतं. वाद घालताना आवाज माझा होता, पण शब्द डॉक्टरांचे होते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

समर्थला घेऊन रत्नागिरीला गेलो. वडील मुंबईहून हो म्हणत नाहीत, पण आजोबा केरू घडशी म्हणाले, "घेऊन जा सर, मी सांगतंय ना." लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरून येतात. या महिन्यातलं शिबीर दिवाळीमुळं रद्द. पुढचं २२ नोव्हेंबरला. स्पर्धा सोळाला.

येताना एसटीत समर्थ खिडकीशी बसला होता. संगमेश्वर ओलांडल्यावर म्हणाला, "सहा दिवस, सर."

शाळेत आलो तेव्हा चार मुली रक्त देऊन आल्या होत्या. सानवी आलीच नव्हती. घरी भात कापायला घेतलाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टीआधीचा शेवटचा सराव. समर्थ रस्त्याच्या मोरीवर बसून वेळ घेतो आणि वहीत लिहितो, अक्षर छापल्यासारखं. संघात कोणी काही बोलत नाही. तो नसल्यानं पुढं पळायला कोणी नाही, सगळेच ढिले पडलेत.

सानवीची वेळ या महिन्यात दीड मिनिटानं घसरली. "कापणीनं दमलीस का?" विचारलं. "हो सर," म्हणाली. चारही मुलींचे रिपोर्ट चांगले आले. सानवीचं सुट्टीनंतर बघू.

कोल्हापूरच्या एका दवाखान्याचा नंबर मिळवून अनिल घडशींना पुन्हा फोन केला. उचलला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

समर्थच्या आजोबांना भेटायला वरच्या वाडीत गेलो होतो. मुलगा ऐकेल तर तुमचंच, म्हटलं. ते म्हणाले, "माजा एक पोर गेला सर. ह्यो दुसरा हाय, अनिल. त्याला भ्या वाटता म्हणून त्यो वराडतो. तपासला आणि खराच निगाला तर, ह्या भ्या." हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्या माणसाला अडाणी समजत होतो.

परत येताना सानवीच्या शेतात सगळी कामाला लागलेली दिसली. ती डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून येत होती. मध्येच भारा खाली ठेवला आणि त्यावरच बसली. तिची आई मथुराबाई मला बघून पुढं आली.

"सर, हिला आताशा लय दम लागतो. रातची पायात गोळं येतात म्हनते."

"सरावाला सुट्टी पडली ना, म्हणून. दम वाढवायचा तर रोज पळायला हवं," मी म्हटलं.

सानवी भाऱ्यावरून उठली. "पळतंय सर," म्हणाली.

चांगली मुलगी आहे. कामाला कधी नाही म्हणत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुरू झाली. ऊन चांगलंच तापतंय. उन्हात मुलं पडू नयेत म्हणून मी काय काय केलंय ते लिहून ठेवतो, कारण मला आज स्वतःबद्दल बरं वाटतंय. मासे आणायचा मोठा थर्माकोलचा डबा बर्फासाठी मागून घेतला. दहा टॉवेल. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते सगळ्यांना शिकवलं. कोणी अडखळलं, बरळायला लागलं की सावलीत आडवं करायचं, पाय वर, अंग ओलं, आणि एकानं मोठ्या माणसाला बोलवायला जायचं. हे दोनदा नाटक करून घेतलं. समर्थ पडणाऱ्याची भूमिका करत होता, पोरं हसत होती. तोही हसला. चार आठवड्यांत पहिल्यांदा.

मुख्याध्यापक खिडकीतून बघत होते. म्हणाले, "आपली शाळा तालुक्यात नमुना ठरेल."

सानवी चढावर तीनदा बुटाची नाडी बांधायला थांबली. तिला म्हटलं, एकदाच नीट बांध.

डॉक्टरांचा फोन आला होता. "एक मुलगी राहिलीय ना?" मी म्हटलं, हो, पाठवतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

मुलींच्या फॉर्मवर सह्या घ्यायला आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर बाळंतपणात अडकल्या होत्या. नर्सनं चार फॉर्म दिले, सही झालेले. पाचवा सानवीचा, रिपोर्टसाठी थांबलेला. "सोमवारी पाठवतो," सांगून तोही सोबत घेऊन आलो. स्पर्धेच्या कार्यालयात अकरा नव्हे, दहा नावांची यादी गेलीय आणि यादीवर सही शाळेची लागते. फॉर्म कोणी मागत नाही, तो आपल्या दप्तरी ठेवायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अनिल घडशी मुंबईहून आले. शाळेत न येता सरळ माझ्या घरी. सोबत समर्थ. दारातच कागद पुढं केला. मुलगा माझ्या जबाबदारीवर पळतोय, काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. खाली सही.

"आता तर तुमची मान मोकळी झाली ना, सर?"

मी कागद वाचला. काय मनात आलं ते इथं लिहायलाच हवं. माझ्या मनात आलं, घ्यावा. मुख्याध्यापकांना कागद हवाय, हा कागद आहे. पोरगा पळेल, जिंकेल. अठरा वर्षांत माझा एक मुलगा राज्याला जाईल.

मग समर्थ म्हणाला, "सर, मला काय होत नाय. मी रोज पळतोच आहे."

"काय?"

"सकाळचा. सड्यावर. आठवड्यात चार दिवस. तुमचा सराव सुरू व्हायच्या आधी. कायच झाला नाय."

एवढ्या पहाटे, कातळावर, एकटा. पडला असता तर गुरं वर न्यायच्या वेळेपर्यंत कोणाला कळलं नसतं. मी त्या माणसाकडं पाहिलं, तर तोही पोराकडं बघत होता. त्यालाही हे माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला केरूबाबांचं बोलणं पटलं.

मी कागद परत दिला. "अनिलराव, माझी मान मोकळी करून काय करू? मला पोरगा हवाय."

ते कागद घेऊन उठले. समर्थ जाताना म्हणाला, "तुमी माजा वर्ष घालवलात, सर." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

समर्थच्या काळजीत काल सानवीला रक्त द्यायला पाठवायचं राहिलंच. आता पुढचा सोमवार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या स्पर्धा. सगळं सामान बांधलं. समर्थला सोबत नेतोय. येईल का विचारलं, तर "येतो" म्हणाला. मुलींच्या दोन किलोमीटरच्या वळणावर पाणी घेऊन तो उभा राहील.

सानवीचा फॉर्म बाकीच्या दहांसोबत फाइलला लावला. रक्ताचं स्पर्धेनंतर नक्की.

१६ नोव्हेंबर, रविवार

सानवी पडली. रत्नागिरीच्या हॉस्पिटलमध्ये आहे. शुद्धीवर आहे. आज लिहवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साडेआठची स्पर्धा पावणेअकराला सुरू झाली. पाहुणे यायचे होते. मी दोनदा जाऊन सांगितलं, कातळ तापतोय, मुलांना सोडा. "पाचच मिनिटं" म्हणत राहिले. मी माझ्या मुलांना काजूच्या झाडाखाली बसवलं, डोकी ओली केली, घोट घोट पाणी दिलं. दुसऱ्या शाळेचे शिक्षक बघायला येत होते. मला अभिमान वाटत होता.

मुली आधी सुटल्या. सानवी पहिल्या दहांत होती. मग कातळाच्या चढापलीकडं दिसेनाशी झाली. पहिली मुलगी परत आली, पाचवी आली, विसावी आली. सानवी नाही.

आणि मग चढावरून समर्थ येताना दिसला. पळत. पाठीवर सानवी, तिची मान त्याच्या खांद्यावर पडलेली. तो त्याच्या नेहमीच्या लांब ढांगा टाकत येत होता. उघडा कातळ, डोक्यावर ऊन, आणि ज्याला मी चाळीस दिवस पळू दिलं नाही तो पोरगा पूर्ण ताकदीनं पळत येत होता. मला ओरडायचं होतं, थांब म्हणून. आणि मला हेही कळत होतं की तो थांबला तर ती मुलगी तिथंच राहील. दोघांपैकी कोणासाठी घाबरायचं ते कळेना. मी नुसता धावत सुटलो.

त्यानं तिला सावलीत ठेवलं. पाय वर घेतले. जसं शिकवलं तसं. "सर, अंग तापलेला नाय तिचा. गार हाय," म्हणाला. खरंच गार होतं. ओठ पांढरे. माझा बर्फ, माझे टॉवेल, काही कामाचं नव्हतं. ऊन लागलंच नव्हतं तिला.

अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं. हिमोग्लोबिन साडेपाच, बारा तरी हवं. तिथले डॉक्टर मला म्हणाले, "एवढ्या रक्तावर ही चालत कशी होती, हे आश्चर्य आहे. तुम्ही पळवलंत?"

मी हो म्हटलं.

संस्कृती मॅडम सोबत होत्या. त्यांनी सानवीशी पडद्याआड बोलून घेतलं आणि बाहेर येऊन सरळ सांगितलं. वर्षभर तिची पाळी बारा-बारा, पंधरा-पंधरा दिवस चालते. कपडे खराब होतील म्हणून ती पाणी कमी पिते, जागेवरून उठत नाही. आईला वाटलं वयात येताना असं होतंच. मॅडम म्हणाल्या, "सर, फॉर्मवर हे विचारलेलं होतं ना?"

फाइल माझ्या पिशवीत होती. मी काढून दाखवली. "त्रास नाही." माझं अक्षर. खाली डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी. मॅडमनी वाचलं आणि फाइल माझ्या हातात परत दिली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सानवीला दोन बाटल्या रक्त चढलं. आज गालावर थोडा रंग आहे. मथुराबाई उशाशी बसून होत्या. मी माफी मागायला गेलो होतो, तर त्याच उठून हात जोडायला लागल्या. "तुमी व्हतात म्हनून पोर वाचला." मला तिथं उभं राहवेना. त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा सांगूनही मी रक्त तपासायला पाठवलं नाही, फॉर्ममध्ये खोटं लिहिलं, तुम्ही शेतात सांगितलंत तेही कानाआड केलं. त्यांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाल्या, "मी पन आई हाय तिची. मना तरी कुटं कळला."

सानवीला विचारलं, "मला सांगायचं नाहीस का गं? दम लागतो म्हणून?"

ती चादरीशी चाळा करत होती. "तुमी टाईम इचारायचात, सर. तो मी सांगायची."

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुख्याध्यापकांनी बोलावलं. नोंदवहीत "उन्हामुळे चक्कर" असं लिहा, म्हणाले. आणि सानवीचा फॉर्म मागून घेतला, डॉक्टरांची सही आता मिळते का बघू म्हणाले.

मी फॉर्म दिला नाही. नोंदवहीत झालं ते लिहिलं. डॉक्टर शरीफांकडं गेलो आणि त्यांनाही सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "फोन करून मी थांबले. यायला हवं होतं." मग तिला पुढं कोणत्या गोळ्या, किती महिने, कोणत्या बाईडॉक्टरांना दाखवायचं ते कागदावर लिहून दिलं. कच्चे तांदूळ खावेसे वाटतात ते रक्त कमी असल्यानंच, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रत्नागिरीच्या शिबिरात समर्थचा इको झाला. वडील स्वतः त्याला घेऊन आले होते. मोठ्या डॉक्टरांनी अर्धा तास बघितलं. हृदय उत्तम आहे. तो आवाज निरुपद्रवी, वयाबरोबर जाईल. पळू दे, म्हणाले.

अनिल घडशी बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मोकळे झाल्यावर माझ्याकडं वळले. "म्हणजे पळाला असता तरी चालला असता."

"हो."

"राज्याला गेला असता."

"बहुतेक."

डॉक्टर शरीफांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. कळायच्या आधी बरोबर तेच होतं." मला ते पटतं. पण ते समर्थच्या हातात देण्यासारखं नाही. निरोगी मुलाला मी बसवून ठेवलं आणि आजारी मुलीला पळवलं. दोन्ही निर्णय सारखेच, असं कोणाला वाटेल. तसं नाही. एक विचार करून घेतला होता. दुसरा मी घेतलाच नव्हता.

समर्थला सांगितलं, "तुझं वर्ष माझ्यामुळं गेलं. त्यावर माझ्याकडं इलाज नाही."

तो रिपोर्टची घडी घालत होता. म्हणाला, "त्या दिवशी पाठीवर घेतली तेव्हा मलाही वाटत व्हता, आता मी पडतो की काय. पयल्यांदा भ्यालो." घडी खिशात घातली. "तरी राग हाय माजा."

"असू दे," मी म्हटलं.

३ डिसेंबर, बुधवार

संस्कृती मॅडमनी शाळेतल्या सगळ्या मुलींना, पळणाऱ्या आणि न पळणाऱ्या, वर्गात दार लावून ते चार प्रश्न विचारले. एकशे बारांपैकी एकोणीस जणींना डॉक्टरांकडं पाठवायचंय. मी बाहेर मैदानावर मुलांचा कबड्डीचा तास घेत होतो. एकोणीस हा आकडा ऐकून शिट्टी वाजवायची राहिली.

सानवी शाळेत येते. चढ चढत नाही, मामाची रिक्षा आणून सोडते. निदान चार महिने पळायचं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

देवरूखला तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांची बैठक होती. मुख्याध्यापकांनी आधीच माझं नाव दिलेलं. विषय, "सुरक्षित सराव: आमच्या शाळेचा अनुभव". समर्थचं प्रकरण सांगा, म्हणाले. हृदयाची शंका आली तेव्हा शाळेनं कसा खंबीर निर्णय घेतला ते. तेवढंच सांगा.

उभा राहिलो. समोर चाळीसेक जण, बहुतेक ओळखीचे. मी समर्थचं सांगितलं. मान डोलावत होते. मग सानवीचं सांगितलं. पहिल्यापासून, फॉर्मवर काय लिहिलं इथपर्यंत. पाळी हा शब्द उच्चारताना जीभ अडखळली, पण उच्चारला. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, पुढचा विषय घेऊ."

चहाच्या वेळी माझ्याजवळ कोणी येईना. कप घेऊन पायरीवर बसलो. सोमवारी मुख्याध्यापक काय म्हणतील याचा विचार करत होतो. तेवढ्यात गुहागरकडचे अझीम सर शेजारी येऊन बसले. यंदाच बदलून आलेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, माझ्यापेक्षा कडक म्हणून नाव आहे.

"एक मुलगी आहे माझ्याकडं," ते म्हणाले. "आठवीत. नेहमी मागं राहते. आळशी आहे म्हणून मी तिला रोज एक फेरी जास्त मारायला लावतो."

"कधीपासून?"

"जूनपासून."

मग ते म्हणाले, "सोमवारी विचारतो तिला."

"आज का नाही?"

"आज शनिवार. घरी गेली असेल."

"घरी फोन असेल ना, सर?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर केला आणि शाळेच्या ग्रुपमध्ये नंबर शोधायला लागले. आतून बैठकीला बोलावत होते, आम्ही उठलो नाही. नंबर सापडला. त्यांनी लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन आमच्या दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवला.

तिच्या आईनं उचलला.